उलटण्याआधीचा वेळ

इंग्रजीत वस्तू उलटण्याला किती शब्द आहेत हे मला पंच्याहत्तरीत कळलं, आणि मी खुळ्यासारखा बघत बसलो. मी शिकलो चौथीपर्यंत, त्यातही तिसरीला दोन वर्षं काढली. माझं इंग्रजी म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली, ब्रेक, क्लच आणि डिझेल. उलटलं त्याला आम्ही पलटी म्हणतो. टेम्पो पलटी, ट्रॉली पलटी, माणूस पलटी. एका शब्दावर माझं सगळं भागत होतं.

माझी बायकोही ट्रॉली पलटी होऊनच गेली. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला, कडबा आणताना. ट्रॅक्टर मी चालवत होतो. ती पायी चालत होती, भाऱ्यावरून टाकलेला दोर धरून. ट्रॉली उलटली तेव्हा तिनं दोर सोडला नाही, म्हणून ती पलीकडे ओढ्यातल्या दगडांवर फेकली गेली. ओतूरच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचली नाही.

तेव्हापासून आमच्या गावात, डिंगोऱ्यात, आणि पाव्हण्यारावळ्यांत एकच बोलणं होतं, की म्हातारी हट्टी. चार पेंढ्यांपायी जीव दिला, दोर सोडायला काय झालं होतं. माझी मुलगी राजुरीला दिलीय, तीसुद्धा रडता रडता आईलाच बोलायची. मी खाली मान घालून ऐकायचो. मी सगळ्यांना सांगितलं होतं की इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. ते खोटं होतं. ती ओरडली होती आणि मी ऐकलं होतं. मेलेल्या बायकोवर हट्टीपणाचा डाग पडू दिला आणि मी त्याच्या आडोशाला वर्षभर बसलो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी उगाच कीव करू नये.

आता ते शब्द.

माझी सून इंग्रजी शाळेत लहान वर्गाला शिकवते. मुलगा चाकणला कंपनीत, आठवड्यानं येतो. त्यामुळं घरात ती आणि मी. बायको होती तोवर सून माझ्याशी पदराआडून कामापुरतं बोलायची. ती गेल्यावर जेवायला हाक मारणारी हीच राहिली, तेव्हा बोलणं वाढलं. शाळेतून आली की चहा ठेवते आणि ओसरीवर पुठ्ठे, कात्री, रंग घेऊन बसते. एका कार्डावर एक शब्द आणि त्याचं चित्र. पोरांना दाखवायला.

एक दिवस मी बघितलं तर सगळ्या चित्रांत काही ना काही पडलेलं. पेला आडवा, होडी पालथी, झाकणासकट बरणी, पाय वर केलेलं कासव. मी म्हणालो, आज काय घरात भूकंप झाला का. ती हसली. घरातल्या सगळ्यांसारखी तीही मला दादाच म्हणते. म्हणाली, दादा, हे सगळे उलटण्याचे शब्द आहेत. मला वाटलं एकच शब्द दहा वेळा लिहिलाय. तर नाही. दहाच्या दहा वेगळे.

मी म्हणालो, सांग बरं एकेक.

तिनं पेल्याचं कार्ड उचललं. नॉक ओव्हर. म्हणजे हात लागला, कोपर लागलं, धक्क्यानं पडलं. पाडणारा कुणीतरी आहे, मुद्दाम असो नाहीतर चुकून. मग होडी. कॅपसाइज. हा शब्द पाण्यातल्यालाच. मी विचारलं, बैलगाडी कॅपसाइज होत नाही का? म्हणाली नाही, त्याला पाणीच पाहिजे. मी म्हणालो, पिंपळगाव जोग्याच्या धरणात होडी उलटली तर? ती झाली कॅपसाइज. आणि तीच होडी ट्रॉलीवर घालून ओतूरला नेताना रस्त्यात उलटली तर? सुनेनं कात्री खाली ठेवली. म्हणाली, तुमी शाळेत आला असता तर बाईंना नोकरी सोडावी लागली असती.

ओव्हरटर्न म्हणजे पुरतं उलटणं, वरचं खाली. रोल ओव्हर म्हणजे गडगडत जाणं, एक कोलांटी, दोन कोलांट्या, घाटातल्या जीपसारखं. कासवाच्या कार्डावर टर्न टर्टल. गाडी कासवासारखी पाठीवर पडून चाकं वर करते ते. हे ऐकून मी मांडीवर थाप मारली. ज्या कुणी हे नाव ठेवलं त्यानं कासव बघितलं होतं आणि उलटी गाडीही बघितली होती, आणि दोन्ही एका जागी आणून ठेवली होती. असल्या माणसाच्या बांधाला बांध असायला पाहिजे होता. गप्पा झाल्या असत्या.

कील ओव्हर म्हणजे उभा माणूस अचानक कोसळतो ते. आणि ओव्हरथ्रो राजाला, सरकारला. मी विचारलं, सरपंचाला चालतो का? चालतो म्हणाली. मग हा तरी आपल्याकडे कामाचा आहे, मी म्हणालो.

पण खरं सांगतो, हसण्यापेक्षा मी दिपून गेलो होतो. जन्मभर मी वस्तू पडताना बघितल्या. माझ्या हातून लई पडल्या. पण पडण्या-पडण्यात फरक असतो हे कुणीतरी बसून बघितलं, त्याला वेगळं नाव दिलं, आणि ती नावं सात समुद्र ओलांडून माझ्या ओसरीवर पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर येऊन पडली, याचं मला लई नवल वाटलं. देवळात गेल्यावर सुद्धा मला इतकं कधी वाटलेलं नाही.

मग सुनेनं उलट मला विचारलं. आपल्यात काय काय म्हणतात, दादा? पोरांना मराठीतून समजवायला बरं पडेल.

मी पलटी म्हणालो आणि थांबलो. तिथं माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे एकच असला तरी घरात लई होते. बायकोकडे होते. ती पाण्याच्या हांड्याला पलटी कधी म्हणायची नाही. हांडा लवंडला म्हणायची. गाडी कलंडायची. पावसानं बांध ढासळायचा, दरड कोसळायची, वाऱ्यानं आंबा मुळासकट उन्मळायचा. घासून झाली की भांडी उपडी घालायची. पोरगं रांगायच्या आधी पालथं पडायला लागलं की गल्लीभर सांगून यायची. एकाच्या जागी दुसरा शब्द वापरला तर हसायची. एकदा मी म्हणालो, हांडा कोसळला. तर म्हणाली, हांडा हाय का डोंगर?

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. अंगठा उठवायची. मी चौथी शिकलेला, सही करणारा, आणि माझ्याकडे एक शब्द. मी एकेक सांगत गेलो आणि सून कार्डांच्या मागं लिहीत गेली. तिचं माहेर मंचरच्या पलीकडे, तिच्याकडच्या एकदोन शब्दांची भर तिनंही घातली. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं तरी आम्ही तिथंच.

शेवटी दोन कार्डं उरली. एकावर टॉपल. सुनेनं घरातनं कपबश्या आणून एकावर एक रचल्या, सहा-सात. म्हणाली, वरचं जड झालं की खालचं पेलत नाही. मग असं डोलून, वरून सुरू होऊन पडतं, ते टॉपल. मी म्हणालो, कडब्याची गाडी. तिच्या ध्यानात आलं की आपण कुणापुढं काय मांडलंय. कपबश्या उतरवायला लागली.

मी म्हणालो, राहू दे. ते शेवटचं सांग.

ती म्हणाली, टीटर. म्हणजे पडलेलं नाही. पडेल का नाही ते ठरलेलंही नाही. नुसतं डोलतंय, काठावर. सावरलं तर सावरेल.

मी विचारलं, तेवढ्याला पण शब्द आहे?

आहे म्हणाली, आणि बोटानं वरची कपबशी जरा हलवली. ती डुगडुगली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मी श्वास धरून बघत होतो. सुनेनं हात लावला आणि ती थांबली. पडली नाही.

मी उठून गोठ्याकडे गेलो. म्हशीला पाणी दाखवलं. तिनं प्यायलं नाही, तिला तहान नव्हती.

आता तो रस्ता सांगायला पाहिजे. आमच्या वरच्या रानातून घरी यायला दोन वाटा. एक डांबरीवरून, तीन किलोमीटर लांब. दुसरी ओढ्याच्या कडेनं, जवळची, पण एका अंगाला उतरती. कडब्याचा भारा उंच, हलका, वाऱ्यात डोलणारा. त्या तिरक्या वाटेवर आमच्याकडची रीत अशी की भाऱ्यावरून दोर टाकायचा आणि वरल्या अंगानं एका माणसानं तो अंगाचा भार टाकून ओढत चालायचं. त्यानं भारा खाली कलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून दोर तिच्याकडे आणि कासरा माझ्याकडे. चाळीसेक वर्षं अशी गाडी आणली, एकदाही कलंडली नाही.

बैलगाडीची आणखी एक रीत. गाडी डोलायला लागली की थांबायचं नाही. बैलांना हाणायचं. बैल स्वतःच वरल्या अंगाला ओढ घेतात, त्यांना जीव प्यारा असतो. त्यांच्या ओढीनं गाडी सरळ होते. थांबली की कलंडली. हे माझ्या बापानं मला चाबकाच्या फटक्यानं शिकवलं होतं, त्यामुळं ते डोक्यात नाही, हाडात होतं. पुढं बैल गेले, ट्रॅक्टर आला, पण वाट आणि दोर तेच राहिले.

त्या दिवशी बायको म्हणाली, डांबरीनं चला. मी म्हणालो, दोर धर की, आज काय नवीन आहे. ती म्हणाली, ट्रॅक्टर म्हंजी बैलं न्हाईत. मी चढून बसलो.

ओढ्याच्या वळणावर खालचं चाक खड्ड्यात गेलं. मागून ती ओरडली.

"अवो, डोलतीय. थांबवा."

स्पष्ट ऐकलं. आणि माझा पाय ब्रेकवर नाही, वेगावर दाबला गेला. बैल हाणावेत तसा. ट्रॅक्टरला जीव प्यारा नसतो, तो वरल्या अंगाला ओढ घेत नाही, चाक वळवलं तिकडं जातो. हिसका बसला आणि मागं वजन उचलल्यासारखं झालं. मी वळून बघितलं तेव्हा भारा आकाशाला टेकल्यासारखा उभा होता, आणि मग सावकाश, लई सावकाश, खाली गेला. ट्रॉलीची पिन तुटली म्हणून मी वाचलो. वरलं चाक हवेत फिरत राहिलं. पेंढ्या एकामागं एक ओढ्यात घसरत होत्या, कुणी न ढकलता. चाक थांबेपर्यंत मला कळलंच नाही की ती वरल्या अंगाला उभी नाही.

वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की वेळच नव्हता. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात झालं, थांबवला असता तरी उलटलीच असती. आणि आता एका पुठ्ठ्याच्या तुकड्यानं मला सांगितलं की वेळ होता. त्या वेळाला नाव आहे. परदेशातल्या कुणीतरी माणसानं तो वेळ माझ्याआधी बघून ठेवला होता, पडण्याच्या आधीचा, ठरायच्या आधीचा. आणि माझ्या अंगठेबहाद्दर बायकोकडेही त्याला शब्द होता. ती पडतीय म्हणाली नव्हती. कलंडली म्हणाली नव्हती. डोलतीय म्हणाली होती. मागं चालत, अंगाचा भार दोरावर टाकून, तेवढ्या घाईत तिनं बरोबर शब्द निवडला होता. डोलतीय म्हणजे अजून सावरेल.

आणि मग मला हेही कळलं की तिनं दोर का सोडला नाही. कडब्यासाठी नाही. तिनं थांबवा म्हणून सांगितलं होतं. ट्रॅक्टर थांबेपर्यंत भारा धरून ठेवायचं तिचं काम होतं. तिला वाटलं मी थांबवतोय.

म्हशीच्या पाठीवर हात ठेवून मी तिथं किती वेळ उभा होतो, देव जाणे. मला रडू आलं नाही. मी नुसता चकित झालो होतो. इतका मोठा डोंगर समोर होता आणि मी वर्षभर त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

त्यानंतर आठ दिवसांनी वर्षश्राद्ध होतं. ते आठ दिवस वाईट गेले. सुनेला सांगावं असं दोनतीनदा वाटलं. पण तिला एकटीला सांगून माझं मन हलकं झालं असतं, बायकोचा डाग तसाच राहिला असता. डाग चारचौघांत लागला होता, चारचौघांतच काढायला पाहिजे होता. भीती वाटत होती. माझ्यासारख्या माणसानं भीती वाटली असं लिहावं हे बरं दिसत नाही, पण वाटत होती. राजुरीची मुलगी बोलायची बंद झाली तर मला दुसरं कोण आहे. मुलगा तर मुळातच कमी बोलतो.

वर्षश्राद्धाला मुलगी-जावई आले, मुलगा रजा काढून आला, बायकोचा धाकटा भाऊ आंबेगाव तालुक्यातून आला. ह्या भावाला तिनं कडेवर वाढवलेलं. शेजारची थोरली काकू आणि आणखी चार बायका आल्या. बायका म्हणत होत्या, भाग्याची, कुंकवानिशी गेली, सोनं झालं. अहेव मेलेल्या बाईला असं म्हणायची रीत आहे. मी ऐकत होतो. कुंकू पुसायची वेळ आली नाही म्हणून भाग्य, पण ते कुंकू ज्याच्या नावाचं त्यानंच पाय दाबला होता.

पानं वाढली. वडे, खीर, आमटी-भात. मुलगी वाढत होती. वाढता वाढता तिचं नेहमीचं सुरू झालं. आई हट्टीच, तिला सांगून सांगून थकलो आम्ही, दोर सोडला असता तर आज पानावर असती. मेहुण्यानं मान हलवली. म्हणाला, अक्का ल्हानपणापास्नं तशीच.

मी म्हणालो, "ती हट्टी नव्हती. ती थांबवा म्हणाली, अन् म्या ऐकलं व्हतं."

मुलगी भाताचं भांडं धरून उभी राहिली. कुणाला काही कळलं नाही, म्हणून मी सगळं सांगितलं. डांबरीनं चला म्हणाली तिथपासून. बैलाची सवय, पायाचं दाबणं, आवाज ऐकू आला नाही हे खोटं, सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. जावई ताटाकडे बघत होता. मुलानं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला.

मेहुणा उठला. अर्धं पान टाकून. अंगणात जाऊन हात धुतले, चप्पल घातली. मी मागं गेलो. तो एवढंच म्हणाला, "दाजी, वरीसभर आमी तिला शिव्या दिल्या, अन् तुमी जेवत व्हता." मोटारसायकल चालू करून गेला. अजून आमच्या घरी आलेला नाही. त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर दगड घातला असता.

आत आलो तर मुलगी तिथंच उभी. मला वाटलं आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं. पण तिनं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "काय म्हणाली व्हती? तिचे शब्द सांगा." मी सांगितले. तिनं पुन्हा सांगायला लावले. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा ती स्वतः हळू म्हणाली, अवो, डोलतीय, थांबवा. आवाज हुबेहूब आईचा. मला आजवर कधी कळलं नव्हतं की हिचा आवाज आईचा आहे.

मग ती सैपाकघरात गेली. सून तिच्या मागं गेली.

मुलगा माझ्याशेजारी बसला. मी विचारलं, तू पण जातोस का? तो म्हणाला, मी कुठं जाऊ, माझं घर आहे हे.

उन्हं कलल्यावर बायका जायला निघाल्या. त्या बाहेरच्या पडवीत जेवल्या होत्या, आतलं त्यांना नीट कळलं नव्हतं. थोरली काकू ऐंशीच्या पुढची, कानानं कमी. दारात मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली आणि वर्षभर म्हणत होती तेच म्हणाली. गुणाची व्हती गं तुझी आई, पर हट्टी. चार पेंढ्यांसाठी दोर न्हाई सोडला.

मुलीनं तिचा हात धरला. काकूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलली, त्यामुळं अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं, रस्त्यानं चाललेल्या दोघांनीही.

"हट्टी नव्हती, काकू. तिनं वेळेवर सांगितलं व्हतं. दादांनी थांबवला न्हाई."

काकूनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असावं की पोरगी दुःखानं भलतंच बोलतेय आणि मी तिला गप्प करीन. सगळ्याच बायका माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, व्हय, तसंच झालं.